सरदार की मुकादम? मॉरिशसच्या एका मराठी घराण्याचा शोध

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा प्रथम मी संकोचलो. माझे शिक्षण बी.ए.पर्यंतचे, इतिहासाचा मी पंडित नव्हे. परंतु केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षे कागद हाताळल्यामुळे एक सवय मात्र जडली आहे. कोणी जुना कागद पुढे केला की तो कोणी, कशासाठी आणि कोणाच्या सांगण्यावरून लिहिला, हे पाहिल्यावाचून राहवत नाही. प्रस्तुत लेख अशाच एका कागदाविषयी आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या गणेशोत्सवाला एका सभासदाबरोबर मॉरिशसचे एक मराठी गृहस्थ आले होते, हे अनेकांना आठवत असेल. त्यांचे बोलणे इंग्रजी आणि फ्रेंच वळणाचे; मराठी तुटक, पण आरती तोंडपाठ, आणि ती म्हणताना कोकणी हेल असा की आपल्यातील मालवणकडची मंडळी चमकून मागे वळून पाहू लागली. दुसऱ्या दिवशी ते मानेसरला माझ्या घरी जेवायला आले. जेवणानंतर त्यांनी पिशवीतून एक लिफाफा काढला. आत दोन कागदांच्या प्रती होत्या. त्यांतल्या एका कागदावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "आमच्या घराला गावात आजही सरदाराचे घर म्हणतात. आमचे मूळपुरुष सरदार होते. तुमच्या ह्या मुलुखात शिंद्यांची फौज होती ना? आमचे पूर्वज त्यांच्यात असतील काय?"

त्यांचा प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता. आज जिथे कारखान्यांच्या रांगा उभ्या आहेत, तो अरवलीच्या पायथ्याचा हा मुलूख एके काळी मराठ्यांच्या अमलाखाली होता. १७८४ साली महादजी शिंद्यांना बादशहाने वकील-ए-मुतलक हे पद दिले आणि दिल्लीच्या कारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली. ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेपलीकडे पटपडगंजला शिंद्यांच्या पलटणींचा इंग्रजांकडून पराभव झाला, आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावच्या तहाने हा प्रदेश मराठ्यांच्या हातून गेला. दिल्लीच्या परिसरात राहणाऱ्या मराठी माणसाला 'सरदार' हा शब्द ऐकताच घोडा, पागा आणि जहागीर आठवावी, हे स्वाभाविक आहे. समुद्रापार वाढलेल्या मराठी माणसालाही तेच आठवले, ह्यात नवल नाही.

परंतु कागद वेगळे सांगत होता. पहिला होता मॉरिशसच्या जन्मनोंदीचा. त्यात मुलाच्या बापाचा व्यवसाय 'सरदार' असा नोंदलेला होता आणि त्याच्या नावापुढे एक क्रमांक होता. दुसरा उतारा त्याच क्रमांकाचा, प्रवासी नोंदवहीतला. १८५०च्या दशकात मुंबईहून जहाजाने आलेला तरुण. स्वतःचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, जिल्हा रत्नागिरी, आणि व्यवसाय मजूर. मी कागद खाली ठेवला आणि विषय बदलला. पाहुणा जेवून उठला होता. त्याला तेव्हाच काही सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

त्यानंतर सवड मिळेल तशी मी ह्या विषयावरील पुस्तके मिळवून वाचली. त्यातून जो इतिहास समजला तो येथे थोडक्यात मांडतो.

जुन्या मराठीत पांढऱ्या शुभ्र साखरेला 'मोरस साखर' म्हणत. मोरस म्हणजे मॉरिशस. हिंदी महासागरातले हे बेट १८१० साली इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतले. १८२५ मध्ये तेथील साखरेवरील इंग्लंडमधली जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी उतरवण्यात आली आणि बेटभर उसाची लागवड पसरू लागली. मळ्यांवर राबत होते आफ्रिका व मादागास्करकडून आणलेले गुलाम. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमधील गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा सुमारे ६६ हजार माणसे गुलामीत होती. ती मळ्यांवर टिकणार नाहीत हे मालकांनी आधीच ओळखले होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' नावाच्या जहाजातून ३६ हिंदी मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. त्यांचा करार पाच वर्षांचा, आणि पुरुष मजुराचा पगार महिना पाच रुपये. त्या पहिल्या टोळीवरही एक सरदार होता. गुलामाच्या जागी करारबद्ध मजूर आणण्याच्या ह्या प्रयोगातून पुढील पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे त्या बेटावर गेली. त्यांतली सुमारे एक-तृतीयांश परत आली. उरलेल्यांची वंशवेल तेथेच वाढली.

हे सारे बिहारी वा तामिळी होते अशी आपली समजूत असते. मजुरांच्या छळाचा बोभाटा झाल्यामुळे १८३९ साली बंद केलेली ही भरती १८४२ च्या कायद्याने पुन्हा सुरू झाली, तेव्हा कलकत्ता आणि मद्रास ह्यांच्याबरोबर मुंबई बंदरही तिला खुले झाले. पुढील काही दशकांत मुंबईहून जी माणसे गेली त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली पुष्कळ होती. रत्नागिरी जिल्हा म्हणजे तेव्हा आजचा सिंधुदुर्गही. तो १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. कोकणातल्या माणसाला घर सोडायला फार सांगावे लागत नसे. जमीन थोडी आणि खडकाळ, बहुतेक गावांत खोताची सत्ता, पिकाचा मोठा हिस्सा खोताच्या घरी आणि कुळाच्या पदरी पेज. पेशवाई गेल्यावर फौजेतली पूर्वीची चाकरीही आटली होती. मुंबईच्या गिरण्या उभ्या राहण्यापूर्वीच कोकणी माणूस मुंबईच्या गोदीपर्यंत आला होता, आणि गोदीपुढे समुद्र होता.

पोर्ट लुईच्या बंदरावर १८४९ साली उभारलेल्या आवारात त्याला उतरवून घेत. धक्क्यावरून आत जाण्यास सोळा दगडी पायऱ्या होत्या. त्या आजही आहेत. त्या जागेला आता 'आप्रवासी घाट' म्हणतात आणि २००६ पासून ती जागतिक वारसास्थळ आहे. पायऱ्या चढून आत गेल्यावर कारकून नोंदवही उघडून बसलेला असे. नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरील खूण, जात, गाव, परगणा, जिल्हा, जहाज आणि कोणत्या मळ्यावर नेमणूक झाली ते, अशा रकान्यांतून माणूस वहीत उतरे आणि त्याला एक क्रमांक मिळे. तो क्रमांक मरेपर्यंत त्याचा. १८६० च्या दशकापासून छायाचित्रेही घेऊ लागले. हे सारे त्याच्या कल्याणासाठी नव्हते. मळा सोडून पळालेला मजूर ओळखता यावा, करार मोडणाऱ्याला पकडता यावे, हा त्यामागचा हेतू होता. परवान्यावाचून हिंडणारा मजूर भटक्या ठरून तुरुंगात जाई. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापत; तिला 'दुहेरी कपात' म्हणत.

आणि आता सरदार. मळ्याचा मालक बहुधा फ्रेंच, त्याच्या हाताखाली व्यवस्थापक, त्याखाली गोरे वा मिश्रवंशीय देखरेखे, आणि सर्वांत खाली, मजुरांच्या सर्वांत निकट, सरदार. तो स्वतः हिंदी, बहुधा मजूर म्हणूनच आलेला. पहाटे उजाडण्यापूर्वी हजेरी होई. त्याची टोळी त्याने उभी करायची. खड्डे खणणे, खत टाकणे, ऊस तोडणे, जे काम असेल ते त्याने करवून घ्यायचे. मळेवाल्याची भाषा आणि मजुरांची भाषा ह्यांमधला दुभाषाही तोच. मजुराला अडीनडीला पैसा उसना देणारा तोच, भांडण मिटवणारा तोच, आणि कित्येकदा संध्याकाळी बैठकीत पोथी लावणारा वा सण उभा करणाराही तोच. काही सरदारांना मळेवाले पुन्हा हिंदुस्थानात पाठवीत. ते आपल्या गावातून, भावकीतून माणसे घेऊन येत.

मराठी वाचकाला ह्यासाठी दूरचा दाखला शोधण्याचे कारण नाही. बीडकडून दरवर्षी ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्या आपण पाहिल्या आहेत. मुकादम कारखान्याकडून पैसे उचलतो, 'उचल' म्हणून ते जोडप्यांना वाटतो, त्यांना कोयत्यांच्या हिशेबाने मोजतो आणि फडावर नेतो. तो त्यांच्यातलाच असतो, त्यांचा आधार असतो आणि त्यांचा सावकारही असतो. मॉरिशसचा सरदार म्हणजे हा मुकादम. शब्द मात्र फौजेतला वापरला गेला, आणि त्या शब्दामुळे दीडशे वर्षांनी एका सज्जन माणसाला आपण शिंद्यांच्या पागेत शोभणारे वाटलो.

सरदाराचे चित्र केवळ काळे वा केवळ पांढरे रंगवता येत नाही. मजुरांच्या हालअपेष्टांना पहिल्यांदा मोठा वाचा फुटली ती १८७१ साली. आदोल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या एका मळ्याशी संबंधित गोऱ्या गृहस्थाने मजुरांची कैफियत लिहिली आणि तिच्यावर ९,४०१ हिंदी मजुरांनी सह्या वा अंगठे केले. पुढच्याच वर्षी राजकीय चौकशी आयोग बसला. त्यातले एक सभासद फ्रियर हे मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेत काम केलेले होते. १८७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने दुहेरी कपात, पकडापकडी आणि मजुरीची थकबाकी ह्यांवर प्रकाश पाडला. ह्या व्यवस्थेत मजुराच्या पाठीशी सर्वांत जवळ उभा असलेला हात सरदाराचाच होता, हे विसरून चालणार नाही.

तोच सरदार पुढे वेगळ्या रूपात दिसतो. १८७० नंतर साखरेचे भाव पडू लागले आणि मालकांनी मळ्यांच्या कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. त्या विकत घेणाऱ्यांत ज्यांनी गाठीला पैसा बांधला होता असे सरदार आणि जुने मजूर पुढे होते. चार एकरांचा तो तुकडा, त्यावरचे घर, घराजवळचे देऊळ, आणि मुलांना अक्षर-ओळख देणारी बैठक, ह्यांतून हिंदी वस्तीची गावे उभी राहिली. कास्काव्हेल, व्हाकोआ, हेन्रिएटा अशा ठिकाणी आज मराठी वस्ती आहे, गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते, शाळांतून मराठी शिकवली जाते आणि कोकणातला जाखडी नाच तेथे 'झाकरी' ह्या नावाने टिकून आहे. मुकादमीच्या पैशाचा आणि मानाचा त्यात वाटा आहे, आणि ज्यांच्या घामातून तो पैसा आला त्यांचाही.

आता शोधाची रीत सांगतो, कारण ती आपल्यालाही उपयोगी आहे. मॉरिशसच्या नागरी नोंदींत हिंदी आईबापांचे प्रवासी क्रमांक लिहिण्याची पद्धत होती. म्हणून वंशज आजोबांच्या जन्मनोंदीपासून मागे मागे जातो. कुठेतरी क्रमांक सापडतो. तो क्रमांक घेऊन तो मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जातो. १९७० साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेत प्रवासी नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. तेथील उताऱ्याच्या आधारे अनेक मॉरिशसवासीयांनी भारताचे ओसीआय कार्ड मिळवले आहे. मार्च २०२५ मध्ये ही सवलत सातव्या पिढीपर्यंत देण्याची घोषणा झाली, तेव्हापासून ह्या वह्यांचे महत्त्व आणखी वाढले.

अडचणी मात्र पुष्कळ. मुख्य अडचण नावांची. कोकणातला भिवा बिन बाबाजी वहीत उतरला. त्याचे स्वतःचे नाव हेच त्याच्या मुलांचे आडनाव झाले. 'भिवाजी', 'बाबाजी' ही आज तेथे आडनावे आहेत. एकाच जहाजातून दोन सख्खे भाऊ गेले असतील, तर नातवंडांच्या पिढीत त्यांची आडनावे दोन झाली, आणि आपण एका रक्ताचे आहोत हे कोणालाच उरले नाही. धार्मिक विधीने झालेली लग्ने सरकारदरबारी धरली जात नसत, त्यामुळे मुलांच्या नोंदीही वाकड्या झाल्या. आणि गावांची नावे? मजुराने उच्चारली, दुभाष्याने सांगितली, इंग्रज वा फ्रेंच कानाने ऐकली आणि बोरूने लिहिली.

येथे अमेरिकेचा एक दाखला आठवतो. व्हर्जिनियासारख्या प्रांतांतील तंबाखूच्या शेतांवरही मुकादम असत. तिकडील हौशी संशोधक अशा मुकादमांच्या घराण्यांचा माग मोठ्या चिकाटीने काढतात. १८५० च्या जनगणनेपासून तेथे प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव लिहू लागले आणि पुरुषांचा व्यवसायही. त्यामुळे मुकादम, त्याची बायको, मुले सारी सापडतात. परंतु त्याच्या हाताखाली राबणारे गुलाम १८५० आणि १८६० च्या याद्यांत मालकाच्या नावाखाली केवळ वय, लिंग आणि वर्ण ह्यांनी मोजलेले आहेत. त्यांची नावे सर्वांसाठी प्रथम आली ती गुलामगिरी संपल्यावर, १८७० च्या जनगणनेत. मुकादमाला वंशावळ आहे. त्याच्या माणसांची वंशावळ त्या भिंतीशी येऊन थांबते.

मॉरिशसच्या वहीत तशी भिंत नाही. सरदार आणि त्याच्या टोळीतला शेवटचा मजूर, दोघेही त्याच सोळा पायऱ्या चढून आले, दोघांनाही त्याच कारकुनाने त्याच रकान्यांत लिहिले. ज्या वहीचा हेतू माणसाला जखडून ठेवण्याचा होता, तीच वही आज त्याच्या खापरपणतवाला घरची वाट दाखवते. त्यात त्या कारकुनाचे पुण्य नाही. पण नोंद राहिली, एवढे खरे.

पाहुणे परत जाण्याच्या आदल्या दिवशी मी हे सारे त्यांना सांगितले. तुमचे पूर्वज फौजेचे सरदार नव्हते, मजूर म्हणून गेले आणि मुकादम झाले, हे शब्द उच्चारताना मला जड गेले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी जन्मनोंदीचा कागद पुन्हा पाहिला आणि विचारले, "मग त्यांच्या टोळीतली माणसेही त्याच वहीत असतील?" मी होय म्हटले. "आमच्या शेजारची घरे त्यांचीच असतील," ते म्हणाले. "लहानपणी आम्हांला त्यांच्या घरी जेवू देत नसत." शिंद्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

राहिले गाव. वहीतला शब्द आम्ही भिंग घेऊन वाचला. तो 'सीरगाम' असा काहीसा आहे. म्हणजे शिरगाव असावे. परंतु जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात शिरगाव एक नव्हे. एक रत्नागिरीजवळ, एक चिपळूण तालुक्यात आणि एक देवगडात. कुलदैवत वा ग्रामदेवता माहीत असती, वाडीचे नाव माहीत असते, तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. त्या रकान्यांची सरकारला गरज नव्हती, म्हणून ते वहीत नव्हते. आणि घरच्यांनी ते लिहून ठेवले नाहीत, कारण घरात सर्वांनाच ते ठाऊक होते. ठाऊक असलेली गोष्ट कोणी लिहून ठेवत नाही, आणि तिसऱ्या पिढीत ती कोणालाच ठाऊक राहत नाही.

आता आपल्याकडे वळतो. मंडळाचे कार्य सुरू झाले तेव्हा मानेसर हे दिल्ली-जयपूर रस्त्यावरचे एक खेडे होते. येथल्या मूळ शेतकऱ्याची वंशावळ पटवाऱ्याच्या दप्तरात 'शजरा नसब' म्हणून जमिनीच्या कागदांबरोबर राहिली. हरिद्वार, कुरुक्षेत्राच्या पंड्यांच्या वह्यांत तर त्याच्या सात पिढ्या सापडतात. आपले देशावरचे हेळवीही बैलावर वह्या लादून गावोगाव येत आणि घराण्याची नावे वाचून दाखवीत. पण ह्या कारखान्यांसाठी आणि कार्यालयांसाठी आलेल्या तुमच्याआमच्यासारख्यांच्या नोंदी कोठे आहेत? आपल्या मुलांच्या दाखल्यांवर जन्मस्थान गुडगाव असे आहे. २०१६ पासून ते गुरुग्राम झाले. आडनावाचे स्पेलिंग शाळेगणिक बदलले आहे. ती उद्या आणखी दूर जातील. त्यांच्या नातवंडांना तरी शिरगाव कोणते हे सांगता येईल काय?

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने माझी एक सूचना आहे. मंडळाने प्रत्येक सभासद-कुटुंबासाठी एक पान असलेली नोंदवही सुरू करावी. देवनागरीत नाव, मूळ गाव, वाडी, तालुका, कुलदैवत, आईचे माहेर, गाव कधी आणि का सोडले, आणि येथे आल्यावर पहिले काम कोणते केले, ते. ह्या शेवटच्या रकान्यात हुद्दा वाढवून लिहू नये. जो फिटर म्हणून आला त्याने फिटर लिहावे, ज्याने ठेकेदाराच्या हाताखाली माणसे मोजली त्याने तसे लिहावे. नातवंडांना खोट्या सरदारापेक्षा खरा मुकादम अधिक उपयोगी पडेल. तसेच आपल्या गणेशोत्सवाचा मांडव घालणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या मराठी कामगारांची कुटुंबेही त्याच वहीत, त्याच रकान्यांत असावीत. त्यांच्यासाठी वेगळी वही नको.

माझ्या घरचे पान मी लिहून कार्यवाहांकडे दिले आहे. मॉरिशसच्या पाहुण्यांच्या वतीने तिन्ही शिरगावांच्या ग्रामपंचायतींना पत्रे पाठवली होती. दोन ठिकाणांहून उत्तर आले आहे. तेथे त्या नावाचा माग लागला नाही. तिसऱ्या उत्तराची वाट पाहत आहोत.